नोव्हॅक कुठाय? एका न सापडलेल्या गावाचं प्रकरण

प्रकरण तसं छोटं आहे. भाचा सुट्टीत राहायला आलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर फॉलआउट न्यू वेगास हा व्हिडिओ गेम पडलेला होता तो त्याने सुरू केला. दोन दिवसांनी जेवताना एकदम विचारतो, "मामा, ही गावं खरी आहेत का रे? गुडस्प्रिंग्ज, प्रिम वगैरे?" मी म्हणलं आहेत की, नकाशात बघ. त्याने खरकट्या हाताने फोन काढला (ताई समोर नव्हती म्हणून चालून गेलं), गुडस्प्रिंग्ज सापडलं, प्रिम सापडलं, निप्टन सापडलं, मग म्हणाला नोव्हॅक नाही सापडत. मी म्हणलं स्पेलिंग चुकलं असेल तुझं. नव्हतं चुकलं.

आता यात लाज वाटण्यासारखं काय तर मी हा गेम तीनदा संपवलाय आणि इतकी वर्षं मी नोव्हॅकला खरं गाव समजत होतो. नेवाडात एखादं छोटं गाव असणारच या नावाचं, कुणीतरी पूर्व युरोपातून आलेला नोव्हाक आडनावाचा माणूस तिथे दुकान टाकून बसला असेल आणि गावाला त्याचं नाव पडलं असेल, असा माझा मीच इतिहास रचून ठेवलेला. म्हणजे प्रश्न नोव्हॅक कुठाय हा नाहीच, एवढ्या खऱ्या नावांच्या मधे एक बनावट नाव बसलेलं असताना मला त्याचा जराही संशय का आला नाही हा आहे, आणि ते शोधायला त्या रात्री आम्ही दोघं गेम एका स्क्रीनवर आणि नकाशा दुसऱ्या स्क्रीनवर लावून बसलो ते दोन वाजेपर्यंत.

ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम ऑक्टोबर 2010 चा, बनवला ऑब्सिडियन कंपनीने, काढला बेथेस्डा कंपनीने. फॉलआउटच्या जगात 23 ऑक्टोबर 2077 ला अणुयुद्ध होऊन सगळं संपलं, आणि ही गोष्ट घडते 2281 मधे, म्हणजे दोनशे चार वर्षांनी. तुम्ही एक कुरिअरवाला, गुडस्प्रिंग्जच्या स्मशानात तुमच्या डोक्यात गोळी घालून तुम्हाला पुरलंय, एक रोबो उकरून काढतो, डॉक्टर टाके घालतो आणि मग तुम्ही निघता गोळी घालणाऱ्याच्या मागावर, लास वेगासकडे. ऑब्सिडियनचं ऑफिस कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला, तिथून मोहावीचं वाळवंट गाडीने काही तासांवर, आणि ते गेममधे दिसतं, हे लोक त्या रस्त्याने गेलेले आहेत हे कळतं.

गुडस्प्रिंग्जपासूनच सुरुवात केली आम्ही. खरं गुडस्प्रिंग्ज जेमतेम दोनशे लोकांचं गाव, एकेकाळी खाणींमुळे भरभराटीला आलेलं, जोसेफ गुड नावाच्या माणसाच्या झऱ्यांवरून नाव पडलेलं. तिथे पायोनियर सलून म्हणून 1913 चा बार आहे, पत्र्याच्या भिंतींचा, एका भिंतीला गोळ्यांची भोकं आहेत ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात, आणि शेजारी जनरल स्टोअर. गेममधेही बार आणि शेजारी जनरल स्टोअर, समोरून फोटो काढला तर तीच रचना, फक्त बारचं नाव प्रॉस्पेक्टर सलून. शाळेची जुनी इमारत खऱ्या गावात आहे, गेममधेही आहे. हल्ली या गेमचे चाहते त्या खऱ्या बारमधे जमतात, गेममधले कपडे वगैरे घालून, आणि गावाला ते चालतं.

मग प्रिम. हे वेगासपासून साधारण 65 किलोमीटरवर, अगदी कॅलिफोर्नियाच्या सीमेला चिकटून. या गावाला 1996 पर्यंत स्टेट लाइन म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे नाका म्हणतात तसं, मग कॅसिनोवाले अर्नेस्ट प्रिम यांच्यावरून नाव बदललं. खऱ्या प्रिममधे बफेलो बिल्स नावाचं हॉटेल, त्याच्याभोवती 1994 चा रोलर कोस्टर. गेममधे बायसन स्टीव्ह नावाचं हॉटेल, त्याच्याभोवती मोडका रोलर कोस्टर. बफेलोचा बायसन झाला आणि बिलचा स्टीव्ह झाला, भाचा हे ऐकून एवढा हसला की पाणी नाकात गेलं त्याच्या. खऱ्या प्रिममधे बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीची गोळ्यांनी चाळण झालेली गाडी कित्येक वर्षं काचेत ठेवलेली होती, गेममधे तशीच गाडी आहे पण जोडीचं नाव विकी आणि व्हॅन्स.

इथे पहिल्यांदा काहीतरी पॅटर्न दिसायला लागला. गावाचं नाव तेच, डोंगराचं नाव तेच, धरणाचं तेच, हायवेचा नंबरसुद्धा तोच, पण हॉटेल बार कॅसिनो दिसला की नाव वाकवलेलं. स्ट्रिपवरचा (वेगासचा कॅसिनोंचा मुख्य रस्ता) लकी 38 हा मनोरा वेगासच्या खऱ्या स्ट्रॅटोस्फिअर मनोऱ्यासारखा दिसतो पण नाव दुसरं. माझा अंदाज असा की नकाशातलं नाव सगळ्यांचं असतं आणि पाटीवरचं नाव कुणाचं तरी असतं, ज्याचं असतं त्याचा वकीलही असतो. हा माझा अंदाजच हं. पण परिणाम काय होतो बघा, खेळणाऱ्याला नकळत सवय लागते की गावाचं नाव म्हणजे खरं आणि दुकानाचं नाव म्हणजे बनवलेलं. आणि नोव्हॅक येतं गाव म्हणून. झाली ना फसवणूक.

रस्ता पण विचार करून आखलाय. खऱ्या जगात गुडस्प्रिंग्जहून जीनला उतरायचं आणि आंतरराज्य हायवे 15 धरला की सरळ उत्तरेला वेगास, तासाभरात पोचाल. गेममधे हा सरळ रस्ता स्लोनपाशी बंद, कारण तिथल्या खाणीत डेथक्लॉ नावाचे राक्षसी सरडे (खरं स्लोन पण चुनखडीच्या खाणीचंच गाव, तेही सोडलं नाही यांनी). त्यामुळे तुम्हाला उलटं दक्षिणेला ढकलतात, प्रिम, मग मोहावी आउटपोस्ट, मग निप्टन, तिथून पूर्वेला जाऊन हायवे 95 धरायचा आणि मग उत्तरेला नोव्हॅक, बोल्डर सिटी, वेगास. म्हणजे नोव्हॅकला पोचेपर्यंत तुमच्या खात्यात तीनचार खरी गावं जमा झालेली असतात. खोट्या नोटा खपवणारे कसं करतात, बंडलात वरच्या नोटा खऱ्या ठेवतात आणि मधे एक सरकवतात, तसं.

आता नोव्हॅक. रात्री साडेबारा एकच्या सुमाराला आम्ही गेममधे तिथे पोचलो, मुद्दाम चालत गेलो. लांबून पहिलं दिसतो डायनासोर. हिरवट, दोन पायांवर उभा, तोंड उघडं, नाव डिंकी. पोटात गिफ्ट शॉप, आणि जबड्यात पहारेकऱ्याची जागा, दिवसा मॅनी आणि रात्री बून नावाचा नेमबाज तिथे दुर्बिणीची बंदूक घेऊन उभा असतो. हा डायनासोर नेवाडाचा नाही पण आकाशातूनही पडलेला नाही, कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जच्या जवळ कबाझॉन इथे हायवेच्या कडेला काँक्रीटचे दोन प्रचंड डायनासोर आहेत, त्यातल्या लांब मानेच्या डिनीच्या पोटात गिफ्ट शॉप आणि टी रेक्सच्या जबड्यात चढून बाहेर बघायची सोय. क्लॉड बेल नावाच्या माणसाने 1964 पासून ते बांधायला घेतले, गाड्या थांबाव्यात म्हणून. दोघांचं मिळून एक जनावर केलं की डिंकी तयार. म्हणजे डायनासोरच्या बाबतीत जागा हलवली आणि नाव जरासं वाकवलं, डिनीचा डिंकी.

डायनासोरच्या बाजूला मोटेल, डिनो डी-लाइट. आख्खं गाव म्हणजे हे मोटेल आणि आजूबाजूची चार घरं, लोक मोटेलच्या खोल्यांमधेच बिऱ्हाडं करून राहतात, जवळच्या जुन्या रॉकेट चाचणी केंद्रातून भंगार उचलायचं आणि विकायचं यावर गाव चालतं. आणि रस्त्याच्या कडेला मोटेलचा बोर्ड.

हा बोर्ड मी पूर्वी शंभर वेळा बघितलाय. वाचला नव्हता. अमेरिकेत मोटेलच्या बोर्डाखाली एक छोटी पट्टी असते, खोल्या भरलेल्या असतील तर "नो व्हेकन्सी" लागतं आणि रिकाम्या असतील तर नुसतं "व्हेकन्सी", म्हणजे गाडीतून न उतरता कळावं. तर या बोर्डाची शेवटची चार अक्षरं गेलीयेत. "नो" उरलंय, पुढे थोडी जागा, आणि मग व्ही ए सी. दोनशे वर्षांनी कुणीतरी तिथे येऊन राहिलं, मोटेल म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही असा कुणीतरी, त्याने वर बघितलं, जे दिसलं ते वाचलं आणि मधली जागा गिळून टाकली. नोव्हॅक. संपला माझ्या त्या पूर्व युरोपातल्या दुकानदाराचा इतिहास.

भाचा म्हणाला, "हां, साइनबोर्डचा जोक आहे," आणि पुढे जायला लागला, पण मी त्याला थांबवला कारण खरी गंमत उच्चारात आहे. मूळ शब्दाचा उच्चार व्हेकन्सी, सुरुवातीला "व्हे". गावाचा उच्चार गेममधला प्रत्येक जण "नोव्हॅक" करतो, "व्हॅ". का? कारण ज्याने हे नाव ठेवलं त्याने तो शब्द कानाने कधी ऐकलेलाच नाही, फक्त डोळ्यांनी अक्षरं बघितली, आणि व्ही ए सी असं सुटं बघितलं की इंग्रजीत ते व्हॅकच होतं. बोर्ड मेल्याचं अक्षरांवरून कळतं पण तो शब्दच बोलण्यातून मेला हे उच्चारावरून कळतं. लेखकांनी इतका विचार करून केलं की आपोआप झालं ते असो, पण बसलंय चपखल, आणि मला वाटतं आपण देवनागरीत लिहिताना हे जास्त पटकन पकडतो कारण आपल्याला तो मात्रेचा फरक लिहावाच लागतो, इंग्रजीत दोन्हीकडे नुसता ए.

याच गेमच्या एका डीएलसीमधे, म्हणजे नंतर काढलेल्या जोडभागात, बरोबर उलटं केलंय. बिग एमटी नावाची जागा आहे, नकाशात डोंगराला, म्हणजे माउंटनला, एम टी असं लघुरूप लिहितात तसं. लोक ते अक्षर अक्षर मोठ्याने वाचत गेले, एम टी, एमटी, एम्प्टी, आणि जागेचं नाव पडलं बिग एम्प्टी. हे कानाने झिजलेलं नाव, नोव्हॅक डोळ्याने झिजलेलं. आणि त्याआधीच्या फॉलआउट 3 मधे, जो वॉशिंग्टनच्या आसपास घडतो, एका तुटक्या फ्लायओव्हरवर अरेफू नावाची वस्ती आहे, तिथे रस्त्यावरच्या "केअरफुल" या पाटीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गेलंय. वर तिथल्या भानगडीत रक्त पिणारी टोळी आहे आणि अरेफू हे रोमानियातलं खरं गाव, ज्याच्यावरून ड्रॅक्युलाचं नाव आलं त्या व्लादच्या किल्ल्याच्या पायथ्याचं. एकाच नावात दोन जोक. पण मला विचाराल तर नोव्हॅक जास्त चांगलं, कारण अरेफू ऐकल्यावर माणूस थबकतो की हे काय नाव आहे, नोव्हॅक ऐकून थबकत नाही. बनावट नावाने लक्ष वेधून घेतलं तर ते अर्धं फसलंच म्हणायचं.

(फॉलआउट 3 निघालाच आहे तर, नावावरून आपल्याकडे झालेली गंमत. या मालिकेत दोन डोक्यांच्या गायी असतात त्यांना म्हणतात ब्राह्मिन. 2008 मधे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की फॉलआउट 3 एक्सबॉक्स 360 साठी भारतात येणार नाही, कारण सांस्कृतिक संवेदनशीलता, नेमकं काय खुपलं ते बोलले नाहीत पण सगळ्यांनी बोट त्या गायीकडेच दाखवलं. अमेरिकेत ब्रह्मन नावाची गुरांची जात खरंच आहे, आपल्याकडून तिकडे गेलेल्या वशिंडाच्या गुरांपासून तयार केलेली. म्हणजे नाव इथून गेलं, तिकडे त्याला दुसरं डोकं फुटलं आणि परत येताना दारात अडलं.)

आता तुम्ही म्हणाल खरी नावं सरळ उचलली त्यात काय विशेष. मलाही तेच वाटायचं. पण धरणापाशी आलो आणि तिथेही गुंता निघाला. आख्खा गेम हूव्हर धरण कुणाच्या ताब्यात यावर आहे, कॅलिफोर्नियाचं प्रजासत्ताक एका बाजूला आणि सीझरची फौज दुसऱ्या बाजूला. (सीझरच्या फौजेतले लोक त्याला लॅटिन पद्धतीने "कायसार" म्हणतात आणि शत्रू "सीझर" म्हणतात, तोंड उघडलं की कोण कुणाच्या बाजूचा ते कळतं.) तर हे धरण मुळात बोल्डर कॅन्यनमधे बांधायचं ठरत होतं म्हणून प्रकल्पाचं नाव बोल्डर, प्रत्यक्षात बांधलं ब्लॅक कॅन्यनमधे. 1930 मधे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचं नाव दिलं, 1933 मधे पुढच्या सरकारने ते काढून बोल्डर धरण म्हणायला सुरुवात केली, 1947 मधे परत हूव्हर. आणि कामगारांसाठी 1931 मधे वसवलेलं गाव बोल्डर सिटी ते बोल्डर सिटीच राहिलं, जिथे धरण नाही त्या दरीचं नाव लावून. नोव्हॅकला हसायचं तर यालाही हसायला पाहिजे. गेमच्या 2281 मधे हजारो माणसं हूव्हर हूव्हर म्हणत मरतात, त्यातल्या किती जणांना हा हूव्हर कोण ते माहीत असेल.

पण रात्रीचा मोठा धक्का मॅकॅरनने दिला. गेममधे वेगासच्या विमानतळावर प्रजासत्ताकाच्या सैन्याची छावणी आहे, कॅम्प मॅकॅरन. भाच्याने नकाशात मॅकॅरन टाकलं आणि विमानतळ आला पण नाव भलतंच, हॅरी रीड आंतरराष्ट्रीय विमानतळ. मला वाटलं हा दुसरा असेल. दुसरा नाही, तोच आहे. 1948 पासून त्याला सिनेटर पॅट मॅकॅरन यांचं नाव होतं, पुढे त्यांची ज्यूंविषयीची आणि स्थलांतरितांविषयीची मतं लोकांना खटकायला लागली, आणि डिसेंबर 2021 मधे नाव बदललं. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी हिशोब केला की अणुयुद्ध झालं, दोन शतकं गेली, तरी विमानतळाचं नाव टिकेल, आणि ते खऱ्या जगात, एकही बॉम्ब न पडता, अकरा वर्षांत गेलं. आपण अजून व्हीटीच म्हणतो त्यामुळे फार हसण्यात अर्थ नाही, पण आज कुणी नवीन पोरगा गेम लावेल तर त्याच्या लेखी कॅम्प मॅकॅरन आणि नोव्हॅक सारखेच, दोन्ही नकाशात न सापडणारे.

आणि हे हॅरी रीड कुठले? सर्चलाइटचे. 1939 चा जन्म, सर्चलाइटमधलाच. सर्चलाइट गेममधे आहे, त्याच हायवे 95 वर नोव्हॅकच्या खाली, सीझरच्या लोकांनी किरणोत्सारी कचऱ्याचे ड्रम उघडून मारलेलं गाव, सैनिक जिवंतपणी सडलेत तिथे आणि पाच मिनिटं जास्त थांबलात तर तुम्ही पण. गेम आला तेव्हा हे रीड सिनेटमधे बहुमताचे नेते होते. गेमने त्यांचं गाव विषारी करून टाकलं आणि विमानतळाला त्यांच्या आधीच्या सिनेटरचं नाव ठेवलं, आणि बाहेरच्या जगात बरोबर उलट होऊन बसलं. असं कुणी ठरवून लिहिलं असतं तर मी म्हणलं असतं जरा जास्तच होतंय.

शेवटी आम्ही अंदाजाने नोव्हॅकची जागा काढायला बसलो. गेममधली अंतरं आक्रसलेली असतात, जिथे खऱ्या रस्त्याने तीस किलोमीटर तिथे गेममधे पाच मिनिटं चाल, त्यामुळे मोजपट्टी लावून उपयोग नाही, खुणा धराव्या लागतात. उत्तरेला बोल्डर सिटी, दक्षिणेला सर्चलाइट, पूर्वेला नेल्सन (नेल्सन खरं, त्याची टेचाटिकप खाण पण खरी, आणि ती खाण गेममधे त्याच नावाने आहे, हे नाव ऐकून कुणालाही वाटेल की हेच बनवलेलं), आणि जवळपास आरशांचं सौरऊर्जा केंद्र. गेममधलं ते हेलिओस वन, आणि खऱ्या एल्डोराडो खोऱ्यात, हायवे 95 च्या बाजूला, 2007 मधे सुरू झालेलं नेवाडा सोलर वन. रचना वेगळी, गेममधे मधोमध मनोरा आहे आणि खऱ्यात लांब पन्हाळीसारख्या आरशांच्या रांगा, पण नाव बघा ना, सोलर वन, हेलिओस वन (हेलिओस म्हणजे ग्रीकमधे सूर्य), तोच बफेलो बायसन प्रकार.

या सगळ्याच्या मधे, नेल्सनला रस्ता फुटतो त्या बाजूला, भाच्याने पिन टाकली. स्ट्रीट व्ह्यूमधे बघितलं तर हायवे, तारांचे खांब, दोन्हीकडे खुरटी झुडपं आणि लांब तपकिरी डोंगर. डायनासोर नाही, मोटेल नाही, एक पाटी नाही वाचायला. मी म्हणलं बघ, इथे कुणी येऊन राहिलं तरी नाव काय ठेवणार, अक्षरच नाहीये एक. त्याचं लक्ष नव्हतं, तो परत गेममधे गेलेला, मोटेलवाल्या जीनी मे बाईंशी बोलून त्याने खोली मिळवली होती आणि पलंगावर झोपून सकाळचे सात वाजवत होता. मग बाहेर आला, बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, नो व्हेकन्सी ना? मग मला खोली कशी दिली?"